उंबरनाक्याच्या चार पंगती

टेमघर, भिवंडी
रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थरूप महादूमामांना,

भाची विनिताचा वाकून, दोन्ही हातांनी नमस्कार. (एरवी मी घाईत एकाच हाताने उरकते असं तुम्ही भर हळदीत चारचौघांना सांगितलं होतं, म्हणून हा खुलासा.)

गुडघा कसा आहे? गणेशपुरीच्या गरम कुंडात रोज उतरताय ना? की काठावर पाय सोडून, येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांना दापोड्यातली कुठली जमीन कुणी विकली आणि तो कसा फसला हे सांगत बसताय? मामीचा भर दुसऱ्या शक्यतेवर आहे. ती म्हणते, सूज उतरली असेल तर मला कळवा, उतरली नसेल तर डॉक्टरला कळवा, मला ऐकवू नका. जवळ्याची चटणी केली आहे, ती या पत्राबरोबर भूपेश घेऊन येईल. (बरणी मी स्वतः तोंडोतोंड भरलेली पाहिली आहे. वाटेत ती हलकी झाली असेल तर ते तुम्ही आणि तुमचे चिरंजीव बघून घ्या, आम्ही मध्ये पडणार नाही.) तुमचा फोन मामीने साड्यांच्या कपाटात ठेवला आहे, तो तुम्ही परत येईपर्यंत तिथेच राहील. त्यात तुम्ही फोनवर ऐकत नाही, फक्त बोलता, आणि तेही स्पीकर लावून, म्हणजे घरातली गोष्ट गणेशपुरीच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीच्या कंडक्टरलाही कळते. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच 'हां, हां, कळला' असं म्हणून तोडता येत नाही, हा त्याचा मोठाच फायदा आहे.

मामा, तुम्ही प्रत्येक लग्नात माझी ओळख 'ही आमची भाची, सिग्नलची बटनं दाबते' अशी करून देता. मी एकदाही तोंड उघडलं नाही, कारण तुम्ही मोठे. पण आता लिहितेच आहे तर सांगून टाकते, मी बटणं दाबत नाही. बटण कुणी, कधी आणि किती वेळ दाबायचं हे मी ठरवते, आणि ते मी चांगलं ठरवते. आमच्या ठाण्याच्या ऑफिसात या कामात माझ्या तोडीचं कुणी नाही, असं चांगदेव सर (आमचे वरिष्ठ, माणूस भला, पण संगणकासमोर बसला की चष्मा शोधण्यातच दुपार जाते) परवा स्वतःहून म्हणाले. म्हणजे मी आधी म्हटलं आणि ते हो म्हणाले, पण अर्थ तोच.

तर झालं असं की आपल्या उंबरनाक्याचं काम आमच्याच ऑफिसकडे आलं. नाका तुम्हाला काय सांगायचा! एक बाजू हायवेची, एक शहराची, एक गोदामांची आणि चौथी आपल्या आळीची चिंचोळी वाट. रस्त्यांच्या मोठ्या साहेबांपुढे दोन मार्ग आहेत. एक, नाक्यावर नीट सिग्नल बसवायचा. दुसरा, आपल्या आळीच्या तोंडावर सरळ दुभाजक टाकून ती वाटच बंद करायची, म्हणजे ना रहेगा बांस. वाट बंद झाली तर समोरचा बाजार रोज डोळ्यांना दिसेल, पण तिथे पोचायला बायकांना पार पुलापर्यंत चालत जाऊन उलटं यावं लागेल, नाहीतर दुभाजकावरून पदर सावरत उड्या माराव्या लागतील. आणि त्या मारतीलच, मामा, मी ओळखते ना आपल्या बायकांना. साहेबांनी स्पष्ट सांगितलं की संगणकावर रांगा कमी होताना दाखवा, मग सिग्नल. नाही दाखवता आल्या तर दुभाजक. म्हणजे आळीची वाट राहणार की जाणार, हे माझ्या कीबोर्डवर येऊन ठेपलं.

तुम्ही रोज सकाळी त्या नाक्याच्या मधोमध उभे राहता, हात वर करता, भले भले ट्रेलर थांबवता आणि मामीला व आळीतल्या बाकीच्या बायकांना पलीकडे सोडता, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शाळेत मला त्याचा फार अभिमान वाटायचा. पण गेल्या महिन्यात मागे येणाऱ्या टेम्पोतून वाचायला तुम्ही गटाराच्या कडेवर उडी मारलीत आणि गुडघा घेऊन बसलात, तेव्हा मला अभिमान वाटला नाही, राग आला. घाबरलेही होते. राग त्या टेम्पोवाल्याचा आला, तुमचाही आला, आणि मी सिग्नलचं काम शिकून ठाण्याचे नाके सुधारत बसले याचाही आला. म्हणून हे काम मी चांगदेव सरांच्या टेबलावरून जवळजवळ ओढूनच घेतलं.

आता काम काय असतं ते ऐका. (टाळू नका, पुढे तुमच्या कामाचं आहे.) संगणकात एक सॉफ्टवेअर असतं. त्यात नाका वरून पाहिल्यासारखा दिसतो. रस्ते आपण काढायचे, कुठून किती गाड्या येतात ते सांगायचं, सिग्नल बसवायचा आणि सुरू करायचं. मग गाड्या आपापल्या धावू लागतात, आणि कुठे किती रांग लागली ते संगणक मोजून सांगतो. यातलं सगळ्यात डोक्याचं काम म्हणजे स्टेज बसवणं. स्टेज म्हणजे लग्नातली पंगत समजा. मांडव एकच, जागा एकच, जेवणारे चार वाड्यांचे. सगळ्यांना एकदम बसवता येत नाही. मग ज्यांचं एकमेकांशी पटतं ते एका पंगतीत, ज्यांची भांडणं आहेत ते वेगळ्या पंगतीत. रस्त्यावर भांडण म्हणजे एकाची वाट दुसऱ्याला आडवी जाणं. हायवेवरून सरळ येणारा आणि आळीतून उजवीकडे वळणारा एका पंगतीत बसले की मारामारी ठरलेली. आणि एक पंगत उठली की लगेच दुसरी बसत नाही, मध्ये पत्रावळी उचलायला, जमीन पुसायला थोडा वेळ लागतो. तसं एकाचा हिरवा गेला की दुसऱ्याचा येण्याआधी थोडा वेळ सगळ्यांनाच लाल. इतकं सोपं आहे. आपल्या भावकीतल्या लग्नाच्या पंगती ज्याने सांभाळल्या, त्याला जगातला कुठलाही नाका जड नाही, आणि मी कॉलेजात जायच्या आधीपासून पंगतीत मीठ वाढत आले आहे.

सुरुवातीला दोन-तीन बारीकसारीक गोष्टी झाल्या, त्या तुमच्या कानावर दुसरीकडून येण्यापेक्षा मीच सांगते. सॉफ्टवेअर परदेशी, तिकडे गाड्या उजवीकडून चालवतात. ते बदलायचं मी विसरले आणि पहिला सबंध दिवस अख्खी भिवंडी उजवीकडून चालली. लक्षात यायला वेळ लागला, कारण नाक्याचं चित्र अगदी रोजच्यासारखंच दिसत होतं. ते सुधारलं. मग मी चार स्टेज बसवल्या आणि निकाल असा आला की डोळ्यांवर विश्वास बसेना. रांगच नाही! हायवेकडून नाही, शहराकडून नाही, कुठूनच नाही. मी चांगदेव सरांना बोलावलं, सरांनी शेजारच्या केबिनवाल्यांना बोलावलं, पेढे आले. पेढा खाता खाता सरांना चष्मा सापडला आणि त्यांनी विचारलं की हा कंटेनर त्या शाळेच्या रिक्षातून आरपार कसा गेला? बघते तर खरंच, कंटेनर रिक्षात एका बाजूने शिरला, दुसऱ्या बाजूने निघाला, रिक्षाला ओरखडा नाही. कुणाची वाट कुणाला आडवी जाते ते मी सॉफ्टवेअरला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्यातल्या गाड्या भुतांसारख्या एकमेकांतून निघून जात होत्या. (पेढे परत करता आले नाहीत. ते नव्या संगणक-खुर्च्यांच्या नावे घातले.)

ते दुरुस्त केलं तर उलटाच त्रास. आता गाड्या नको तितक्या शहाण्यासारख्या वागू लागल्या. लेन सोडायच्या नाहीत, हॉर्नचा प्रश्नच नाही, लाल दिसला की रेषेच्या आत थांबायचं आणि पुढची गाडी हलली की मगच हलायचं. असल्या माणसांसाठी सिग्नल कशाला लागतो, त्यांना नमस्कार करून घरी जायला सांगितलं तरी पुरे. मग मी त्यांना हळूहळू बिघडवलं. गाड्यांमधलं अंतर कमी केलं, दुचाक्यांना दोन्ही बाजूंनी घुसायची मुभा दिली, रिक्षांना कुठेही थांबायची दिली. तरी उलट्या दिशेने कुणी येईना, सॉफ्टवेअरला ती कल्पनाच झेपत नव्हती. शेवटी मी पेट्रोलपंपापासून नाक्यापर्यंत उलट्या दिशेचा एक वेगळाच बारीक रस्ता काढला आणि सगळ्या रिक्षा त्यावर सोडल्या. सर म्हणाले, अगं, सरकारी कामात रॉंग साइड दाखवायची? मी त्याला 'स्थानिक वाहतूक' असं नाव दिलं. सरांनी ते नाव तसंच अहवालात चढवलं.

खरं घोडं पेंड खात होतं ते पुढेच. नाक्याच्या कोपऱ्यावर एक गोदाम आहे. (कुणाचं ते मी लिहीत नाही, मोठ्यांची नावं घेऊ नयेत अशी आपल्याकडे पद्धत आहे.) त्याचं जांभळं गेट बरोबर नाक्यावर उघडतं. (रंग मालकाने स्वतः निवडला, रंगाऱ्याने दोनदा 'शेठ, पक्का ना?' असं विचारलं होतं म्हणे.) त्या गेटात ट्रेलर सरळ शिरत नाही. तो आधी नाक्याच्या मधोमध येतो, आडवा होतो आणि मग 'आने दो, आने दो'च्या गजरात मागे मागे जातो. तोवर हायवेचा हिरवा येऊन जातो, शहराचा येऊन जातो, सगळ्या पंगती पाटावर बसून उपाशी उठतात. हे दाखवायचं कसं? सॉफ्टवेअरमधली गाडी मागे जातच नाही. परदेशात मागे जात नसतील, पुढेच जात असतील. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि नाक्याच्या मधोमध एक बसथांबा ठेवला. ट्रेलर आला की थांब्यावर थांबतो, मनसोक्त वेळ काढतो, मग निघून जातो. परिणाम हुबेहूब आला. साहेबांनी नंतर तो थांबा पाहून इथे कुठली बस थांबते असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं की साहेब, बस नाही, पण ज्यांना थांबायचं ते थांबतातच. साहेब हसले. ते हसले की काम अर्धं झालं असं समजायचं.

पण त्या थांब्यामुळे रांगा मात्र कमी होईनात. वेळ इकडून काढून तिकडे घातला, पंगती मागे-पुढे केल्या, दोन पंगतींची एक केली, काहीही केलं तरी आळीच्या वाटेला मिळायचे ते जेमतेम चार घास. तशातच चांगदेव सरांनी फर्मान काढलं की गावकऱ्यांना आधी विश्वासात घ्या, गावदेवीच्या मंडपात बैठक लावा. मी म्हटलं, लावू. गाव माझ्या मामाचं, मला कसली भीती?

मामा, तुम्ही त्या बैठकीला हवे होता. नाही, बरं झालं नव्हता. पडदा लावला, प्रोजेक्टर लावला, मी उभी राहिले आणि म्हटलं, पहिली स्टेज हायवेची, दुसरी गोदामांची, तिसरी शहराची, चौथी आपल्या आळीची. बस्स, एवढंच म्हटलं. ट्रान्सपोर्टवाले बाळारामशेठ उठले. त्यांच्या गोदामांच्या रस्त्याला दुसरा नंबर लागला होता ना! म्हणाले, "जत्रंला देवीपुढं आमची काठी पयली जाते, नि इथं आमाला दुसरा नंबर? हायवे काय गावाचा मानकरी हाय?" झालं, जत्रेतल्या मानाचा सगळा जुना हिशेब मंडपात उतरला. कुणाची काठी पहिली, कुणाचा नारळ पहिला, कुणाच्या आजोबांनी कुणाच्या आजोबांना कुठल्या साली मागे ढकललं. मी समजावत राहिले की अहो, हे चाक आहे, चौथ्यानंतर पुन्हा पहिली येते, दिवसभर फिरतच राहतं, यात पहिलं-शेवटचं काही नसतं. तर आपल्या आळीचे लडकूदादा मागून उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "पोरी, चाकाला पयला-चवथा न्हाय असा तूच बोलतेस ना? मंग आमाला पयला टाकाया तुझं काय जातं?"

मग मी नंबर बदलून पाहिले, मामा. आळीला पहिलं केलं तर बाळारामशेठ निघाले, शेठना पहिलं केलं तर शहराकडचे बसेनात. नंबर काढून टाकले आणि अ, ब, क, ड घातले, तर ड वाले भडकले. पण तुमची भाची हार मानणाऱ्यातली नाही. मी सगळ्यांना चहा द्यायला सांगितला आणि तेवढ्या वेळात चार कागद छापले. पहिल्या कागदावर हायवे, गोदामं, शहर, आळी. दुसऱ्यावर गोदामं, शहर, आळी, हायवे. तिसऱ्यावर आळी, हायवे, गोदामं, शहर. चौथ्यावर शहर पुढे. चाक तेच, क्रम तोच, फक्त मोजायला सुरुवात कुठून ते वेगळं. आणि ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा तो कागद दिला, वर तुमचा नंबर पहिला, खाली माझी सही. चारही कागद शंभर टक्के खरे! बाळारामशेठनी कागद कपाळाला लावला. लडकूदादांनी घडी करून खिशात ठेवला आणि उरलेल्या तिघांकडे असं पाहिलं की त्यांची कीव येत असावी. मला वाटतं, वाहतूकशास्त्राच्या पुस्तकात हा उपाय अजून कुणी लिहिलेला नाही.

सगळे खूश होऊन उठत होते, तेवढ्यात मागे बायकांत बसलेल्या मामीने मला जवळ बोलावलं. तिला मानाबिनाचं काही नव्हतं. तिने विचारलं, "आमची गोदूबाई काठी टेकत टेकत तुझ्या पंगतीला बसली, तं ती उठंपरत थांबशील, का तिच्या म्होरचा पान उचलशील?" मी संगणकात पाहिलं. गोदूबाईच्या चालीने निघालं तर आळीचा हिरवा संपेपर्यंत ती रस्त्याच्या मधोमध पोचत होती. बरोबर तुम्ही उभे राहता तिथे. मी मामीला खोटं सांगू शकले असते, पण सांगितलं नाही. म्हटलं, वेळ वाढवता येईल, पण तो कुठून तरी काढावा लागेल, आणि सगळा वेळ त्या आडव्या ट्रेलरच्या पोटात जातो. मामीने 'बरा' म्हटलं, पदर खोचला आणि घरी गेली. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

पुढचं तुम्हाला ऐकून बरं वाटेल. चांगदेव सरांनी ते चारही कागद अहवालात लावून टाकले, कारण वेगवेगळ्या पर्यायांचा विचार केल्याचं दाखवावं लागतं आणि आमच्याकडे दुसरे पर्याय नव्हते. साहेबांनी चारही कागद समोर मांडले, चहा निवेपर्यंत विचार केला आणि शेवटी तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, हा सगळ्यात सरस आहे, बाकीच्या तिघांत दम नाही. मी म्हटलं, साहेब, तुमची पारख! (तिसरा म्हणजे आळी पहिली असलेला. लडकूदादांना अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर ते जत्रेत हत्ती आणतील.) आता ठरलंय असं की सिग्नल बसवण्याआधी एक दिवस चाचणी घ्यायची. ट्रॅफिक पोलीस नाक्यावर उभे राहून आमच्या स्टेजप्रमाणे हाताने गाड्या सोडतील आणि थांबवतील. त्या दिवशी रांगा कमी झाल्या तर सिग्नल, नाही झाल्या तर दुसऱ्या दिवशी दुभाजकाचे दगड येऊन पडणार. दगड आधीच मागवून ठेवलेत, माणूस सावध आहे. पण तुम्ही काळजी करू नका. चाचणीत आपणच जिंकणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

प्रकृतीला जपा. कुंडात पाय घसरेल, काठ धरून उतरा. तिथेही मध्ये उभे राहून कुणाला थांबवू नका, ते देवदर्शनाला आलेले असतात. थोरांना नमस्कार, बरणीत काही उरलं असेल तर शेजारच्या खोलीतल्यांनाही द्या.

तुमची लाडकी (हे तुम्हीच म्हणता, मी नुसतं लिहिते),
विनिता

ता. क. एक बारीकशी विनंती राहिली. ते जांभळं गेट तुमचं आहे हे तुम्हाला कळलंच असेल. चाचणीच्या दिवशी ते बंद ठेवावं लागेल, आणि सिग्नल हवा असेल तर कायमचंच. गोदामाला मागे गल्लीत उघडणारं दार आहे, ते थोडं रुंद केलं तर ट्रेलर तिकडून नाक सरळ ठेवून आत जाईल. मामा, तुम्ही रोज ज्या गाड्या हात वर करून थांबवता, त्यातल्या निम्म्या तुमच्याच गेटात चाललेल्या असतात. हे मी संगणकावर मोजलं, म्हणून म्हणते. गोदामाचं तोंड नाक्यावर हवं म्हणून तुम्ही किती धडपड केलीत ते मला ठाऊक आहे. तरी मागते आहे. सोबत संमतीचा कागद जोडला आहे, त्यावर सही करून भूपेशबरोबर पाठवा. संगणकावर गेट हलवलं त्या क्षणी आळीच्या हिरव्यात गोदूबाई पलीकडे पोचली.

ता. क. २ सहीची घाई नाही. तुम्हीच हौसेने ती जागा मामीच्या नावावर केली होतीत, तेव्हा सही तिचीच लागते, आणि ती बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी करून मोकळी झाली. तुम्हाला विचारलंच नाही असं व्हायला नको, म्हणून वरची विनंती.

ता. क. ३ भूपेश उद्या जातो, उद्या जातो म्हणत आठवडाभर टाळतोय, तोवर काल चाचणी होऊनही गेली. (चटणी मी दोनदा वर भरली.) सांगते. पोलिसांनी (चाकच ते, कुठूनही सुरू करा) हायवे सोडला, गोदामं सोडली, शहर सोडलं, सगळं माझ्या कागदाप्रमाणे. बाळारामशेठ पूर्ण वेळ आपला कागद हातात धरून उभे होते. आळीची पाळी आली, नाका चारी बाजूंनी मोकळा झाला, आणि आळीतून कुणी बाहेरच पडेना! सगळ्या बायका वाटेच्या तोंडाशी गर्दी करून नुसत्या बघत होत्या. इतका रिकामा नाका त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, त्यांना वाटलं काहीतरी फसवणूक आहे. साहेब घड्याळ बघायला लागले, आणि माझा सगळा आत्मविश्वास चपलेत उतरला. तेव्हा मामी एकटीच निघाली. मध्ये कुणी हात वर केलेला नव्हता. तुमच्या जागेशी ती जरा थबकली, इकडेतिकडे पाहिलं, आणि चालत पलीकडे गेली. पुढच्या पाळीला परत आली. मग काही काम नसताना पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गोदूबाईचा हात धरून नेलं, आणि मग सगळी आळीच निघाली. मी रडले, चांगदेव सरांनी ते पाहिलं, त्यांनी तेव्हाही चष्मा शोधायला हवा होता. रांगा कमी झाल्या. साहेबांनी दगड परत पाठवले. आज सकाळपासून तुमच्या गेटाच्या जागी गवंडी काम करतोय.

ता. क. ४ मामी शेजारी येऊन बसली आहे. म्हणते माझा पन लिव, आणि एक शब्द बदलू नको. तर तिच्या तोंडचं जसंच्या तसं: "गेट मागं घेतला, भिंत कंबरेपरत आली. रागवायचा असंल तं तिकडंच रागवून घ्या. बाजार मी एकटीनं आनला. आता रस्ता वलांडाया मना तुमची गरज न्हाय. इतकी वरसं तुमी मधीच हात वर करून उभं ऱ्हायलात, माझ्यासंगती पलीकडं कवा आलातच न्हाय. गुडघा बरा झाला का या. दोघं जाऊ."